लेथ म्हातारा होतो, निकामी होत नाही!

बेंगळुरूच्या वायव्येला, तुमकुरू रस्त्यालगत पीण्या नावाची औद्योगिक वसाहत आहे. लहान कारखानदारांसाठी १९७०च्या दशकात वसवलेली. आज मेट्रोच्या हिरव्या मार्गावर 'पीण्या' आणि 'पीण्या इंडस्ट्री' अशी दोन स्थानके तिच्या नावाची आहेत. स्थानकावरून उतरून आतल्या गल्ल्यांत शिरले की चकचकीत संगणकी यंत्रांच्या शेजारीच पत्र्याच्या छपराखाली एखादा जुना, तेलकट, हिरवट-करड्या रंगाचा लेथ दिसतो. त्याच्या अंगावर धातूची पट्टी असते. कुठे 'मैसूर किर्लोस्कर, हरिहर', कुठे 'एचएमटी, बंगलोर'. शहराचे सरकारी नाव २०१४ साली बंगलोरचे बेंगळुरू झाले, पण यंत्रावरची पट्टी कोण बदलणार?

असा लेथ ज्या घराच्या मालकीचा असतो, त्या घरात एक ना एक दिवस प्रश्न उभा राहतोच. वडील थकलेले असतात, किंवा मुलाने संगणकी यंत्रासाठी कर्ज काढलेले असते, किंवा भावाभावांत वाटणी व्हायची असते. भंगारवाला दारात येतो, लेथवर नजर फिरवतो आणि किलोचा भाव सांगतो. टन-दीड टनाचे बीड! एकरकमी पैसे आणि जागाही मोकळी. मोह पडतो.

हा प्रश्न एकट्या कारखानदाराचा नसतो. कित्येक घरांत पहिला लेथ बायकोच्या बांगड्या मोडून आलेला असतो. त्यावर मुलांची शिक्षणे झालेली असतात, मुलींची लग्ने लागलेली असतात. म्हणून किलोने विकण्याआधी एकदा समजून घ्यायला हवे की लेथ म्हातारा होतो म्हणजे नेमके काय होते, त्यातले किती दुरुस्त होते, आणि किती होत नाही.

यंत्रांची आई

लेथ म्हणजे काय, हे ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांना सांगायचे तर बेंगळुरू-मैसूरू रस्त्यावरच्या चन्नपट्टणला जावे. तिथली लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे सावंतवाडीत होतात तशी. लाकडाचा ठोकळा गरगर फिरवायचा आणि हातातल्या पटाशीने त्याला गोल आकार द्यायचा, हे झाले कातकाम. धातूच्या लेथचे तत्त्व तेच. फरक इतकाच की धातू कापायला माणसाच्या मनगटाची ताकद आणि स्थिरता पुरत नाही. म्हणून हत्यार हातात न धरता एका सरकत्या गाड्यावर घट्ट बसवतात.

लंडनच्या हेन्री मॉडस्लेने १८००च्या सुमारास असा संपूर्ण धातूचा लेथ बनवला आणि त्यात आणखी एक गोष्ट जोडली. लांबलचक आट्यांचा एक दांडा, ज्याला आजही लीड स्क्रू म्हणतात. जॉब फिरतो, त्याच्याशी गिअरने जोडलेला हा दांडा फिरतो आणि हत्याराचा गाडा ठरलेल्या गतीने पुढे सरकतो. गिअर बदलले की आट्यांचे माप बदलते. एकाच लेथवर हव्या त्या मापाचे, पुन्हा पुन्हा अगदी सारखेच आटे पाडता येऊ लागले. नट एका कारखान्यातला आणि बोल्ट दुसऱ्या कारखान्यातला, तरी एकमेकांत बसणार! आजच्या जगाचा सगळा सांगाडा या सोयीवर उभा आहे.

लेथला यंत्रांची आई म्हणतात ते यासाठीच. दुसरी यंत्रे घडवायला लेथ लागतो, आणि लेथचे कित्येक सुटे भागही लेथवरच घडतात. दांडा, बुश, नट, पुली, पिन असले बरेच भाग तो स्वतःसाठी कातू शकतो. जुन्या लेथच्या दुरुस्तीचे अर्धे रहस्य इथेच आहे. ज्या कारखान्याने तो बनवला तो बंद पडला, तरी लेथ पोरका होत नाही.

हरिहर आणि जलहळ्ळी

बेंगळुरूतल्या जुन्या लेथचे कुळ शोधायला गेले तर त्यातली एक वाट थेट मराठी घरात पोचते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. बेळगावात त्यांनी सायकलचे दुकान चालवले, मग लोखंडी नांगर बनवला, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिके जिथून निघाली तीच ही वाडी. आपल्या आजीने 'स्त्री'चा अंक वाचला असेल, तर तिला हे नाव वेगळे सांगायला नको.

पुढे १९४१ साली, दुसरे महायुद्ध भडकलेले असताना, तेव्हाच्या मैसूर संस्थानात तुंगभद्रेच्या काठी हरिहरला मैसूर किर्लोस्कर कंपनी उभी राहिली. काम यंत्रे बनवणारी यंत्रे घडवण्याचे. युद्धामुळे परदेशी यंत्रे मिळणे दुरापास्त झाले होते आणि देशातल्या कारखान्यांना लेथ हवे होते. हरिहरचे 'एंटरप्राइज' आणि 'टर्नमास्टर' हे लेथ पुढची कित्येक वर्षे देशभरातल्या कारखान्यांत आणि आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये दिसत राहिले. अनेक टर्नरांचा पहिला जॉब याच यंत्रांवर झाला.

दुसरी वाट बेंगळुरूच्याच जलहळ्ळी भागातली. स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५३ साली हिंदुस्तान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी, स्थापन केली. स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकोन कंपनीचे सहकार्य घेतले. एचएमटी म्हटले की आपल्याला मनगटावरचे 'जनता' किंवा 'पायलट' आठवते. पण घड्याळे नंतर आली, १९६१ साली, जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने. आधी आले ते लेथ. घड्याळाच्या आधी घड्याळ घडवणाऱ्या यंत्रांची आई, असा तो क्रम होता.

पुढे काळ फिरला. बाहेरची यंत्रे मोकळेपणाने येऊ लागली, संगणकी लेथ आले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच हरिहरचा कारखाना बंद पडला. घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ साली केंद्र सरकारने घेतला. जलहळ्ळीत आता एचएमटीचे संग्रहालय आहे, आणि मुलाबाळांना घेऊन पाहावे असे ते ठिकाण आहे. पण त्या काळातले लेथ मात्र सगळेच संग्रहालयात गेलेले नाहीत. कितीतरी अजून कामावर आहेत. कुणाच्या पिठाच्या गिरणीचा दांडा, कुणाच्या उसाच्या रसाच्या चरकाचा रूळ, कुणाच्या बोअरवेलच्या पंपाचा बुश. एकच नग, तोही आजच्या आज हवा! अशा कामाला संगणकी यंत्रावर प्रोग्रॅम लिहीत बसणे परवडत नाही. तिथे जुना लेथ आणि जाणता टर्नर हीच जोडी लागते.

आधी मोजा, मग बोला

'लेथ झिजला' हे वाक्य फार सहज उच्चारले जाते. पण काय झिजले? किती झिजले? तेवढे मोजले की निम्मी भीती जाते. त्यासाठी एक मायक्रोमीटर, एक डायल गेज आणि नीट घासलेले हत्यार पुरते. मापाचा अंदाज यावा म्हणून सांगायचे तर माणसाचा केस साधारण पाच ते दहा शतांश मिलिमीटर जाड असतो. चांगल्या लेथकडून ३०० मिलिमीटर लांबीत एक-दोन शतांशाच्या आत काम अपेक्षित असते.

पहिली तपासणी पायांची. लेथचा लांब बेड दिसायला अवजड, पण एखादा पाय जरी खचला तरी तो किंचित पिळतो. बेड पिळला की जॉब एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक येतो. अशा लेथला लोक झिजलेला समजतात आणि विकून टाकतात. दोष असतो जमिनीचा! इथे गवंड्याची पाणसळ चालत नाही, यंत्राच्या कामाची बारीक लेव्हल लागते. ती बेडवर आडवी ठेवायची, आधी चकच्या बाजूला आणि मग दुसऱ्या टोकाला, आणि पायांखालचे बोल्ट किंवा पाचरी हलवून दोन्हीकडे एकसारखे माप आणायचे. यंत्र जागचे हलवले असेल तर काही दिवसांनी पुन्हा एकदा पाहायचे. या दुरुस्तीला वेळ लागतो, पैसा जवळजवळ लागत नाही.

दुसरी तपासणी दोन कड्यांची. चाळीस-पन्नास मिलिमीटर जाडीचा एक दांडा चकमध्ये घट्ट धरायचा, साधारण वीतभर बाहेर ठेवायचा, टेलस्टॉकचा आधार द्यायचा नाही. दोन टोकांना दोन कडी सोडून मधला भाग थोडा खोल कातायचा. मग हत्याराची जागा न बदलता दोन्ही कड्यांवरून एक हलका कट घ्यायचा आणि मायक्रोमीटर लावायचा. दोन्ही मापे जुळली तर हेडस्टॉक आणि बेड एका रेषेत आहेत. नाही जुळली तर पुन्हा पायांकडे वळायचे. हे माप चांगले येते, पण टेलस्टॉकच्या आधाराने कातलेला जॉब मात्र निमुळता येतो, असे झाले तर दोष टेलस्टॉकच्या सरळपणाचा. त्याला सरकवायचे स्क्रू त्याच्याच अंगाला असतात.

तिसरी तपासणी स्पिंडलची, म्हणजे चक ज्यावर बसतो त्या मुख्य दांड्याची. चक काढून डायल गेज लावायचा आणि स्पिंडल हाताने फिरवून काटा किती हलतो ते पाहायचे. मग लाकडी दांडक्याने स्पिंडल हलकेच वर उचलून पाहायचा. काटा जास्त उडाला तर बेअरिंग सैल आहे. कित्येकदा बेअरिंग बदलावेच लागत नाही, बेताने कसले की पुरते. फार कसले तर मात्र ते तापते आणि लवकर जाते. इथे एक गैरसमज नेहमीचा. तीन जबड्यांच्या चकमध्ये जॉब किंचित हलताना दिसला की सगळे खापर लेथवर फुटते. पण वापरलेल्या चकचे जबडेच झिजलेले असतात. चक बदलता येतो, जबडे घासून घेता येतात.

चौथी तपासणी हँडलची. हत्यार आतबाहेर करणारे हँडल उलट फिरवले की सुरुवातीला ते नुसतेच फिरते, स्लाइड हलत नाही. कामगार याला 'प्ले' म्हणतात. स्क्रू ज्या नटमधून जातो तो नट मऊ धातूचा असतो, तोही मुद्दाम. महागड्या स्क्रूने झिजायचे नाही, स्वस्त नटने झिजायचे, असा तो हिशेब. गनमेटलचा नवा नट कातून घेतला की लेथची तरुणाई परत आल्यासारखी वाटते. आणि नवा नट मिळेपर्यंत मुरलेला टर्नर हत्यार नेहमी एकाच बाजूने मापावर आणतो. मग प्ले असला तरी माप चुकत नाही.

पाचवी तपासणी बेडची, आणि खरे म्हातारपण इथेच असते. सगळी कामे चकच्या जवळ होतात, त्यामुळे गाडा वर्षानुवर्षे तेवढ्याच जागेत ये-जा करतो आणि बेड तिथेच झिजतो. टेलस्टॉकच्या टोकाला तो नव्यासारखाच राहतो. ओळखायचे कसे? गाडा चकजवळ आणून त्याची ढिलाई काढायची, मग तो दुसऱ्या टोकाकडे न्यायचा. तिथे तो अडकायला लागला तर समजावे की चकजवळ बेड खाली गेला आहे. गाडा जिथे कधी पोचतच नाही त्या कडेवर नख फिरवले तर बारीक पायरीही लागते.

झिजेचा खरा हिशेब

आता यातली मेख पाहा. बेड झिजला की सगळे संपले, असे मानणाऱ्यांनी हे गणित जरूर करावे. बेड झिजून हत्यार दोन दशांश मिलिमीटर सरळ खाली गेले, तर पन्नास मिलिमीटर जाडीच्या जॉबवर किती फरक पडेल? दोन सहस्रांश मिलिमीटरही नाही! कारण हत्यार जॉबच्या गोलाईला जिथे टेकते तिथे ते खाली सरकले तरी मध्यापासूनचे अंतर जेमतेम बदलते. पण तेच हत्यार आडवे, म्हणजे जॉबपासून मागे, नुसते दोन शतांश सरकले तर जॉब चार शतांश जाड होतो. दुप्पट!

म्हणून खाली बसलेल्या बेडपेक्षा वाकडा बसलेला गाडा जास्त त्रासाचा. कामगाराच्या बाजूची पट्टी मागच्या पट्टीपेक्षा जास्त झिजते, गाडा पुढे झुकतो आणि हत्यार जॉबपासून दूर जाते. पण हे नुकसान लांब जॉबवर दिसते. बोटभर लांबीचा बुश कातायचा असेल तर तेवढ्या जागेत झीज जवळजवळ एकसारखी असते, आणि तीस-चाळीस वर्षे वापरलेला लेथही चोख काम देतो. लहान बुश आणि पिना हेच ज्याचे काम, त्याने बेडच्या दुरुस्तीवर पैसा ओतण्याची घाई करू नये. ज्याला हातभर लांबीचे दांडे मापात हवेत, त्याने मात्र ती करावी.

लोखंडी पाट्याला टाकी

बेडची दुरुस्ती म्हणजे काय, हे समजायला पूर्वीच्या स्वयंपाकघरात डोकवावे. पाटा-वरवंटा गुळगुळीत झाला की वाटण नीट होत नसे. मग टाकी लावणारी बाई दारावर आली की पाटा टाकवून घ्यायचा. लेथच्या बेडवर आणि गाड्याखाली जी हातकारागिरी चालते ती याच जातीची, पण तिचे माप सहस्रांशाचे. तिला स्क्रेपिंग म्हणतात.

एका सपाट पृष्ठावर निळ्या रंगाचा अगदी पातळ लेप द्यायचा. दुरुस्त करायचा भाग त्यावर घासायचा. उंच ठिपक्यांना निळा रंग लागतो, खोलगट जागा कोऱ्या राहतात. निळे ठिपके धारदार स्क्रेपरने खरवडायचे, दर वेळी फक्त काही सहस्रांश मिलिमीटर. पुसायचे, पुन्हा घासायचे, पुन्हा खरवडायचे. ठिपके वाढत जातात, बारीक होत जातात, आणि सगळीकडे सारखे पसरतात. एका चौरस इंचात दहा-वीस ठिपके आले की पृष्ठ सपाट झाले, शिवाय मधल्या बारीक खळग्यांत तेल टिकून राहते. आरशासारखा गुळगुळीत बेड दिसायला सुंदर असतो, पण त्यावर तेल थांबत नाही. टाकवलेल्या पाट्यासारखा खडबडीत दिसणाराच कामाचा.

पण मुळात तो पहिला सपाट पृष्ठभाग आला कुठून? उत्तर गमतीचे आहे. दोन लोखंडी पाट एकमेकांवर घासून जुळवले तर एक खोलगट आणि दुसरा फुगीर होऊनही ते एकमेकांत चपखल बसतात. फसगत होते. म्हणून तीन पाट घ्यायचे आणि आळीपाळीने प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावायची. तिन्ही जोड्या जुळल्या तर तिघेही सपाटच असले पाहिजेत. दुसरी शक्यताच उरत नाही. मॉडस्लेच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ही पद्धत विद्वानांपुढे मांडली. महागडे यंत्र नाही, वीज नाही. तीन पाट, रंग आणि धीर यांतून अचूकपणा जन्माला आला.

आज लांब बेड सहसा मोठ्या ग्राइंडिंग यंत्रावर घासून घेतात, कारण हाताने करायला फार दिवस जातात. पण बेड घासला की गाडा तेवढाच खाली बसतो आणि लीड स्क्रूशी त्याची रेषा जुळत नाही. मग गाड्याखाली टर्साइटसारखी प्लास्टिकची टिकाऊ पट्टी चिकटवून उंची भरून काढतात. ती पट्टी शेवटी हातानेच खरवडून बसवावी लागते. जुळवणीचा शेवटचा शतांश हातच देतो.

आणि इथेच खरी चिंता आहे. लोखंड बाजारात मिळते, बेअरिंग मिळते, मोटर मिळते. पण निळा ठिपका पाहून किती खरवडायचे हे ज्याच्या मनगटाला कळते तो फिटर सहज मिळत नाही. एचएमटीसारख्या कारखान्यांत ही विद्या वर्षानुवर्षे उस्तादाकडून शिकाऊ मुलाकडे जात होती. ते उस्ताद आता निवृत्त झाले आहेत आणि शिकाऊ मुलांना संगणकाच्या पडद्यासमोरचे काम हवे आहे, यात त्यांची चूकही नाही. पण घरात जुना लेथ आणि जुना फिटर दोन्ही असतील, तर लेथ विकण्याआधी मुलाला चार महिने त्या फिटरच्या शेजारी उभे करावे. संगणकी यंत्राचाही पाया शेवटी सपाट आणि सरळच लागतो. हाताने सरळपणा शोधलेला मुलगा पडद्यासमोरही वेगळा ठरतो.

केव्हा नाद सोडावा

प्रत्येक लेथ वाचवावाच असे नाही. बेडला किंवा हेडस्टॉकच्या पेटीला तडा गेला असेल तर बीडाचे वेल्डिंग करून पूर्वीचा अचूकपणा परत आणणे कठीण. गिअरपेटीतले अनेक गिअर एकदमच तुटले असतील तर पीण्यात नवे पाडून मिळतात, पण खर्चाचा हिशेब आधी करावा. आणि कामच बदलले असेल, रोज हजार सारखे नग द्यायचे असतील, तर जुन्या लेथला त्यात जुंपू नये. त्याला एखाद-दुसऱ्या नगाच्या कामावर ठेवावे, नाहीतर आयटीआयला किंवा शिकणाऱ्या हातांना द्यावा. निवृत्त इंजिनिअर मंडळी हौसेने असे लेथ घेतात. किलोपेक्षा चांगला भाव तेही देतात.

घेणाऱ्यांसाठीही चार गोष्टी. रंगावर भाळू नये, नवा रंग बहुधा विक्रीसाठीच काढलेला असतो. यंत्र नुसते फिरवून पाहू नये. स्वतःचा दांडा आणि मायक्रोमीटर घेऊन जावे आणि समोर कट घ्यायला लावावा. सगळ्या गतींवर गिअरचा आवाज ऐकावा. बदलायचे गिअर, चारजबडी चक, स्टेडी असे जोडसामान सोबत आहे का ते मोजून घ्यावे, कारण ते वेगळे विकत घ्यायला गेले तर डोळे पांढरे होतात. उचलताना दोर लीड स्क्रूला कधीही अडकवू नये. तो वाकला की सगळ्या सौद्यावर पाणी!

पदर, बाही आणि चकची किल्ली

घराला लागून वर्कशॉप असेल तर घरातल्या प्रत्येकाने हे जाणून असावे. जुन्या लेथला नव्या यंत्रांसारखी झाकणे नसतात. चालू लेथजवळ पदर, ओढणी, सैल बाही, मोकळे केस, गळ्यातली साखळी यांतले काहीही नको. हातमोजेही नकोत. ते हात वाचवत नाहीत, उलट हात ओढून नेतात. चकची किल्ली चकमध्ये विसरून बटण दाबले की ती गोळीसारखी सुटते. म्हणून किल्लीवरून हात काढायचा तो किल्ली बाहेर काढूनच, अशी सवय लावावी. लोखंडाचा लांब कीस हाताने ओढू नये, आकडा वापरावा. कीस ब्लेडसारखा कापतो.

वीजही तितकीच महत्त्वाची. जुन्या वायरींचे आवरण कडक होऊन तडकते. लेथ घरी आला की जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग बदलून घ्यावे, अर्थिंग तपासावे आणि हाताशी येईल असे मोठे लाल बंद करायचे बटण बसवावे. घरात तीन फेजची वीज नसेल तर एका फेजवर मोटर चालवणारे उपकरण मिळते, पण ते निवडणे त्याच्यावरच सोपवावे.

कर्नाटकात दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा असते, आपल्याकडची खंडेनवमी. त्या दिवशी बेंगळुरूच्या वर्कशॉपमध्ये सगळी यंत्रे धुऊनपुसून लख्ख करतात, हळदकुंकू लावतात, फुले वाहतात आणि दारात कुंकू भरलेला कोहळा फोडतात. दृश्य मोठे प्रसन्न असते. पण त्या दिवशी गाड्याखालून निघणारा वर्षभराचा कीस पाहिला की कळते, बेड कशाने झिजला ते. हीच पूजा रोज संध्याकाळी पाच मिनिटे केली तर? कीस ब्रशने झाडायचा, फुंकरीच्या हवेने नाही, कारण हवेने तो आणखी आत जातो. बेड फडक्याने पुसायचा आणि तेलाचा हात फिरवायचा. बेडवर पॉलिश पेपर घासायचा नाही, हातोडा आणि पाने ठेवायचे नाहीत.

आणि सुट्टीच्या दिवशी एक काम करावे. लेथवरची ती धातूची पट्टी स्वच्छ पुसून तिच्यावरचा मॉडेल आणि नंबर वहीत उतरवून घ्यावा. सोबत दोन कड्यांच्या तपासणीची मापे तारखेसह लिहावीत. दरवर्षी खंडेनवमीला तीच तपासणी पुन्हा करावी. पुढच्या वेळी भंगारवाला दारात आला की त्याच्या तराजूआधी घरातली ही वही उघडावी.